गाण्याची डबी बसवावी कशी (लाईन असताना)

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याला घरातून अजून "मोबाईलवर वाजते ना, मंग याले काहून पैसे घातले?" असं कोणी विचारलेलं नाही. ज्यांना विचारून झालं आहे त्यांनी सामानाचा भाग सोडून पुढे जावं. त्यांच्याकडे सामान आलेलं आहे.

बसवायचा आहे तो तळहातावर मावणारा एक कॉम्प्युटर. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, माऊस नाही. तो कपाटावर चोवीस तास चालू राहतो, हार्ड डिस्कवरची नाहीतर इंटरनेटवरची गाणी वाचतो, आकड्यांचा आवाज करतो आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या हवाली करतो. मोबाईल उरतो फक्त रिमोटपुरता. फोन आला तरी गाणं थांबत नाही, फोन खिशात घालून कोणी वावरात गेलं तरी थांबत नाही. फायदा एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

आता जागा. दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातलं, जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावरचं गाव. जिजामाता सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं आणि कारखाना बंद पडल्यावर परतही आलं. गाण्याच्या डबीत हे कशाला, तर एकाच कारणासाठी. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि रात्रभर जुन्या रस्त्यानं घरघरत जाणारे ट्रक बरेचसे तिकडे वळले. ढाबेवाल्यांचं नुकसान झालं हे खरं. पण रस्त्याकडेच्या घरात रात्री तानपुरा ऐकू यावा यासाठी 701 किलोमीटरचा रस्ता बांधून देणारं सरकार दुसऱ्या कुठल्या गावाला मिळालं असेल असं वाटत नाही.

या विषयावरच्या इंग्रजी मार्गदर्शिका दोन गोष्टी गृहीत धरतात आणि धरल्या आहेत हे सांगतही नाहीत. लाईन जात नाही, ही एक. ऐकणारा एकटा आहे आणि खोलीचं दार लावून बसला आहे, ही दुसरी. दुसरबीडात दोन्हींचा पत्ता नाही. त्यामुळे त्या मार्गदर्शिकांतलं जेवढं टिकतं तेवढं इथे घेतलं आहे. बाकीचं आपलं आपण भरलं आहे.

सामान

रास्पबेरी पाय नावाचा बोर्ड घ्या. केंब्रिजच्या मंडळींनी पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायला तो बनवला आणि 29 फेब्रुवारी 2012 ला विक्रीला काढला. पोरं किती शिकली ते सोडा, पण मोठ्या माणसांनी त्याची गाण्याची डबी केली. मॉडेल 3 चालतो, 4 असेल तर उत्तम. 5 च्या नादी लागू नका. त्याला हेडफोनचं भोक नाही, त्याला अडॅप्टर 5 अँपिअरचा सांगितला आहे, आणि गाणं वाजवणं हे काम इतकं हलकं आहे की 2016 मधला मॉडेल 3 सुद्धा ते करताना निम्मा झोपलेला असतो.

बोर्ड कुरिअरनं येतो. पत्ता, खूण, पिनकोड सगळं बरोबर टाकलं तरी कुरिअरवाला फोन करतोच, "भाऊ, स्टँडवर या." जावं. खोकं तिथंच उघडावं, कारण बिल खोक्यात असतं आणि घरात सांगायची किंमत वेगळी असते.

कोणाकडे पडदा फुटलेला जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावरही हेच सगळं होतं. लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणजे लाईन गेली तरी चिंता नाही, असा एक विचार इथे सुचतो. तो विचार ज्यांना सुचतो त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी आधीच गेलेली असते.

बाकी लागतं ते मेमरी कार्ड, अडॅप्टर, डॅकचा छोटा बोर्ड (तो काय, ते पुढे), अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायर नवा घेऊ नका. घरात कुठेतरी माळ्यावर असतो.

लाईन

हा या मार्गदर्शिकेचा गाभा आहे. घाईत असलेल्यांनी बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

डबीला मोबाईलचा चार्जर लावू नका. पाय 3 ला 5 व्होल्ट आणि 2.5 अँपिअर लागतात, पाय 4 ला 5 व्होल्ट आणि 3 अँपिअर. बोर्डापर्यंत पोचणारं व्होल्टेज साधारण 4.63 च्या खाली गेलं की त्यावरचा लाल दिवा विझतो, मिणमिणतो. पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्हही येतं, पण पडदा आपण जोडलेला नाही. तेव्हा लाल दिव्याकडे बघत बसायचं काम घरातल्या एखाद्या रिकाम्या माणसाकडे द्यावं. असा माणूस डबी आली की आपोआप तिच्यासमोर येऊन बसतो.

दिवा मिणमिणायला लागला की गावातला कोणीही जाणकार सांगेल, "रब्बीचं पाणी चालू हाय, डीपीवर लोड हाय, व्होल्टेजच नाही राह्यलं तर तुह्या डबीनं काय करावं?" त्याचं ऐका, चहा पाजा, पण मानू नका. हरभऱ्याच्या मोटरा एकदम सुरू झाल्या की घरातलं 230 व्होल्ट खाली येतं, ट्यूब लागत नाही, पंखा रेंगाळतो, हे अगदी खरं. पण चांगला अडॅप्टर 100 पासून 240 व्होल्टांपर्यंत काहीही दिलं तरी पलीकडे 5 व्होल्टच काढतो. चोरी होते ती त्याच्या पुढे, अडॅप्टर आणि डबी यांच्यामधल्या वायरीत. वायर लांब आणि बारीक असली की अर्धा व्होल्ट तिच्यातच जिरतो आणि डबीला साडेचार पोचतात. आखूड आणि जाड वायर घ्या, दिवा स्थिर होतो. डीपीचा यात काही दोष नाही. हे वाक्य स्टँडवर मोठ्यानं बोलू नये.

मग लाईन जाते. इंग्रजी मार्गदर्शिकेत इथे लिहिलेलं असतं की डबी बंद करण्याआधी मेनूतून 'शटडाऊन' निवडावं. महावितरणला हा मेनू दिसत नाही. डबी कार्डावर काहीतरी लिहीत असताना लाईन गेली तर लिहिणं अर्धवट राहतं, आणि असं होता होता एक दिवस कार्ड सुरूच होत नाही. याला तोडगे दोन. पायकोअरप्लेअर नावाची एक मोफत प्रणाली आहे; ती टायनी कोअर लिनक्सवर उभी आहे आणि सुरू होताना सगळी स्वतःला मेमरीत उचलून घेते. त्यानंतर आपण होऊन काही जतन करायला सांगितलं नाही तर ती कार्डाला हात लावत नाही. लाईन गेली की मेमरी पुसली जाते आणि कार्ड सकाळी होतं तसंच राहतं. ज्यांनी ती लिहिली त्यांनी दुसरबीड पाहिलं नसेल, पण स्वभाव ओळखला आहे.

दुसरा तोडगा म्हणजे राउटरला लावतात तो छोटा यूपीएस. राउटर आणि डबी दोन्ही त्यावर टाका. एकट्या डबीला जागं ठेवून उपयोग नाही, तिचा रिमोट वायफायवरून चालतो. अ‍ॅम्प्लिफायर मात्र या यूपीएसवर चालत नाही. आता रात्री काय होतं ते नीट वाचा. साडेअकराला लाईन जाते. अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो, घर शांत होतं, सगळे झोपतात. डबी जागी असते. ती मेलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला इमानेइतबारे गाणी पाठवत राहते, एक संपलं की दुसरं. पावणेदोनला लाईन येते. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबलेलंच असतं, आवाजाची चकती संध्याकाळी पुतण्यानं फिरवून ठेवलेली असते, आणि त्या क्षणी यादीत जे काही आलेलं असेल ते भर मध्यापासून सुरू होतं. सहसा लग्नाचं रिमिक्स असतं. पण काकड्याचा अभंग निघाला तर जास्त घोटाळा होतो, कारण समोरच्या घरातले आजोबा वेळ झाली समजून आंघोळीचं पाणी तापवायला ठेवतात.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार वस्तीत रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. आजोबांना हा आकडा सांगून उपयोग होत नाही. लाईन गेली की झोपण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण हातानं बंद करा. यापेक्षा चांगला तोडगा विज्ञानाला सापडलेला नाही.

कार्ड

32 जीबीचं पुरतं. स्वस्तात मिळणाऱ्या कार्डावर 128 लिहिलेलं असतं आणि आत 8 असतात. भरून तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅमनं कार्डावर प्रणाली उतरवा. सतत लाईन जात असेल तर वर सांगितलेली पायकोअरप्लेअर. घरात यूपीएस आला असेल तर 'मूड' नावाची घ्या. पुढचं सगळं मूड धरून लिहिलं आहे, कारण तिच्यात पहाटेचा गजर आहे.

वायफायचं नाव आणि पासवर्ड टाकताना देश विचारतात. भारत निवडा. काहीच निवडलं नाही तर वायफाय सुरू होत नाही, कारण रेडिओ लहरींचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि डबी कायद्याला घाबरते. राउटरवर दोन नावं दिसत असतील तर 2.4 गिगाहर्ट्झवालं घ्या. ते दगडामातीच्या भिंतीतून लांब जातं. टिनाच्या पत्र्यातून कुठलंच जात नाही.

डॅक

पायचं हेडफोनचं भोक वाजतं, पण त्याच्यातून मागे बारीक सुरसुर येते. भजनाला चालेल, पण त्यासाठी एवढा खटाटोप नको. आकड्यांचा आवाज करणारा वेगळा बोर्ड म्हणजे डॅक. पीसीएम 5102 ही चिप असलेला छोटा बोर्ड स्वस्त आणि चांगला आहे. तो पायच्या 40 पिनांवर जोडायचा. पिना मोजून घ्या, मोजलेल्या पुन्हा मोजा, आणि मोजताना कोणाशी बोलू नका, कारण 5 व्होल्टची पिन चुकीच्या जागी लागली तर पुढचा भाग वाचायची गरज राहत नाही. मग मूडच्या यादीतून 'हायफायबेरी डॅक' निवडा. आपला बोर्ड त्या कंपनीचा नसला तरी चालतं.

पहिल्यांदा वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरची चकती शून्यावर ठेवा. डबीचा आवाज पहिल्याच वेळी शंभर टक्क्यांवर असू शकतो.

'भूं' असा सलग आवाज येत असेल तर तो 50 हर्ट्झचा, म्हणजे साक्षात लाईनचा आवाज आहे. डबी आणि अ‍ॅम्प्लिफायर विजेच्या एकाच बोर्डावरून जोडून बघा. तरी आला तर अर्थिंगचा खड्डा शोधा. बहुतेक घरांत तो कुठे आहे हे ज्याला माहीत होतं तो मिस्त्री आता पुण्यात असतो.

गाणी

गावातली निम्मी गाणी मोबाईलच्या दुकानातून आलेली आहेत. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं त्याआधी दुकानदाराच्या हाती मेमरी कार्ड द्यायचं आणि "जुने गाणे टाकून दे" एवढंच सांगायचं, की तो कार्ड भरून द्यायचा. त्याच्या लेखी जुने म्हणजे काय, हे त्याच्या वयावर असायचं. नेट स्वस्त झालं आणि तो धंदा बसला, पण ती कार्डं अजून घरोघरी आहेत, देव्हाऱ्यात, शिलाई मशीनच्या खणात, औषधाच्या डब्यात. ती सगळी गोळा करा आणि डबीला लावा.

डबी लगेच कलाकारांची यादी करते. यादीत सर्वांत वर असते एक वेबसाईट. तिच्या खालोखाल दुकानदाराचा मोबाईल नंबर. मग येतो 'अननोन आर्टिस्ट', ज्याच्या नावावर महाराष्ट्रातली बहुतेक लोकगीतं जमा आहेत. प्रल्हाद शिंदे चार जण आहेत, कारण त्यांचं नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेलं आहे. विठ्ठल उमप दोनदा येतात. वामनदादा कर्डक मात्र सापडत नाहीत. त्यांनी लिहिलेली गाणी डझनांनी असतात, पण गीतकाराचा रकाना दुकानदारानं कधी भरलाच नाही. दुकानदाराला दोष देऊ नये. कॅसेटच्या वेष्टणांवरही तो रकाना पुष्कळदा रिकामाच असायचा.

हे दुरुस्त करायला म्युझिकब्रेन्झ पिकार्ड नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो गाणं ऐकून अल्बम ओळखतो. इंग्रजी अल्बम झटकन ओळखतो, हिंदी सिनेमे बऱ्यापैकी, आणि भीमगीतांपुढे हात टेकतो. तिथे आपणच बसायचं आणि एकेक नाव टाइप करायचं. देवनागरीत करा. गावात या कामाला कोणी काम म्हणत नाही, पण हे एकच काम असं आहे की जे डबी बंद पडली तरी वाया जात नाही.

क्रमांकाचा रकाना सोडू नका. गीतरामायण घ्या. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर, आठवड्याला एक अशी 56 गीतं प्रसारित झाली. गदिमांनी लिहिली, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या. ही गीतं क्रमांकाविना डबीत टाकली तर ती अकारविल्हे लागतात, आणि 'प' हा 'र'च्या आधी येत असल्यामुळे लंका आधी पेटते, राम मागाहून जन्मतो. दासगणूंच्या श्री गजानन विजय ग्रंथाच्या 21 अध्यायांचंही तेच. गुरुवारी पारायण लावलं आणि 'शफल'चं बटण चालू राहिलं तर त्याचा दोष डबीला लागत नाही, बसवणाऱ्याला लागतो.

कॅसेटींसाठी वेळ काढून ठेवा. 90 मिनिटांची कॅसेट 90 मिनिटांतच उतरते. जगात कितीही वेगवान कॉम्प्युटर आले तरी ती घाई करत नाही. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसा, ढिली पट्टी पेन्सिलीनं गुंडाळून घ्या, ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम चालू करून बसा. सीडीच्या दर्जानं उतरवलेला एक तास साधारण 635 एमबी होतो. तोच फ्लॅकमध्ये साठवला तर निम्म्याच्या आसपास, आणि आवाजातला एक कणही कमी होत नाही.

विकतच्या कॅसेटी मागून करा, त्या कोणाकडे तरी मिळतील. आधी घरची घ्या, ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही ती. तिच्यात एखाद्या लग्नातली सनई असते, मध्येच बंद होते, आणि त्याखालून आजीच्या जात्यावरच्या ओव्या निघतात, कारण कॅसेट वाया जाऊ नये म्हणून लग्न ओव्यांवरच भरलेलं असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या; 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. आपल्या आजीची त्यात नाही. ती उतरवताना प्रोग्रॅम विचारतो, मागचा आवाज काढून टाकू का? नाही म्हणा. ते जात्याचं घरघरणं आहे. ते काढलं तर ओवी कशावर म्हटली तेच जातं.

कान

परदेशी जाणकार डबीची परीक्षा घ्यायला पियानोच्या किंवा कुठल्या तरी अमेरिकन बाईच्या गाण्याच्या तबकड्या सुचवतात. त्यांची गरज नाही. टाळ लावा. भजनी मंडळाचे वीस टाळ एकदम वाजतात तेव्हा त्यांत वरच्या पट्टीतला इतका आवाज असतो की 128 केबीपीएसची एमपीथ्री तो पेलू शकत नाही. टाळांची किणकिण फाटते आणि फसफस ऐकू येते. तुकडोजी महाराजांच्या पठडीतलं खंजिरीचं भजनही चालेल. फ्लॅकमध्ये आणि दुकानातल्या फाईलमध्ये तेच भजन पाठोपाठ वाजवा. फरक वारकऱ्याला पहिल्या ओळीत कळतो, साउंड इंजिनिअरला थोडा वेळ लागतो.

यापुढे कोणी 24 बिट आणि 192 किलोहर्ट्झच्या फाईली घ्या म्हणून सांगू लागेल. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, सीडी 22.05 पर्यंत जाते, आणि चाळिशीनंतर कान 15 वरच घरी परततो. कूलर चालू असताना तर हा विषय काढूच नये. मार्चपासून जूनपर्यंत कूलर असतो. मग टिनावर पाऊस असतो. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनचं थ्रेशर, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं आणि डीजे. या सगळ्यातून उत्तम आवाजाला मोकळा काळ मिळतो तो पौषातला. त्यातही 12 जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जन्मोत्सव असतो, पाहुणे मुक्कामाला येतात आणि डबीवर पोवाड्याखेरीज काही लागत नाही.

घरातली माणसं

मूडला मुळात पासवर्ड नाही. वायफायवर असलेला कोणीही मोबाईलमध्ये 'मूड डॉट लोकल' टाकतो आणि गाणं बदलतो. बनवणाऱ्यांना ही सोय वाटली. त्यांच्या घरात बहुधा कीर्तन ऐकत नाहीत. बाबा कीर्तन ऐकत असतात, महाराज दृष्टांताच्या तोंडाशी आलेले असतात, बाई विहिरीच्या काठावर उभी असते, आणि वरच्या खोलीतून पुतण्या ब्लूटूथ जोडतो. विहिरीत काय झालं ते बाबांना आजतागायत कळलेलं नाही. वर सैराटमधलं गाणं लागतं आणि अंगणातली पोरं नाचायला लागतात, म्हणजे तक्रार करायलाही जागा राहत नाही.

पासवर्ड लावून बघा. पासवर्ड बाबा विसरतात, पुतण्या विसरत नाही.

त्यापेक्षा रांग लावा. मूडच्या खाली एमपीडी नावाचा वाजवणारा आहे, त्यात प्रत्येकानं आपलं गाणं यादीच्या शेवटी टाकायचं आणि 'कन्झ्यूम' हे बटण चालू ठेवायचं. वाजलेलं गाणं यादीतून निघून जातं, पुढचं वर सरकतं. रेशन दुकानाची पद्धत आहे. सगळ्यांना पाठ आहे, कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तिथं होतं तेच इथेही होतं: कोणीतरी पाच गाण्यांचा नंबर एकदम लावून शेजारी गप्पा मारायला जातं. ब्लूटूथ मात्र मेनूतून बंदच करा. ते रांग मानत नाही.

पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड देताना आपण त्यांना घरातलं गाणं ठरवायचा अधिकार देत आहोत हे लक्षात असू द्या. जावयाला द्यावाच लागतो.

मायला डबी हवी असते पहाटे. मूडमध्ये गजराचा रेडिओ आहे: साडेपाचला काकडा, आवाज 20, सहाला बंद. या एका सोयीसाठी घरातला विरोध मावळतो, आणि कोणी "बंद कर ते" म्हणालं तर आता डबीची बाजू आपल्याला मांडावी लागत नाही.

बाबांचं वेगळं. हजारो गाणी नीट लावून, प्रल्हाद शिंदे चाराचे एक करून झाल्यावर ते डबीकडे बघतात आणि विचारतात, "याच्यात बातम्या लागतेत का?" लागतात. 16 जुलै 1948 ला सुरू झालेलं आकाशवाणी नागपूर केंद्र आता इंटरनेटवरूनही ऐकू येतं. स्टेशन एकदा भरून ठेवलं की बाबांना फक्त एक बटण दाबायचं असतं. फक्त एवढं सांगून ठेवा की इंटरनेटवरून येणारी आकाशवाणी काही सेकंद मागे असते. शेजारच्या ट्रान्झिस्टरवर "नमस्कार" होऊन जातो आणि आपल्याकडे अजून आधीचं गाणं संपत असतं. घड्याळ तिच्यावर लावू नये. बाबा लावतात.

तक्रारी

आवाज येत नाही. अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे का बघा. चालू आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, उठून बघा. त्यावर सीडी, टेप, ऑक्स अशी फिरकी असते; केरवारे झाल्यावर ती 'टेप'वर गेलेली असते.

आवाज येतो पण गाणं दुसरंच आहे. डबी ठीक आहे.

मूड डॉट लोकल उघडत नाही. काही जुन्या अँड्रॉइड फोनांना 'लोकल' कळत नाही. राउटरमध्ये जाऊन डबीला एक कायमचा पत्ता द्या आणि तो आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. बाहेरून चिकटवला तर पाहुणे वाचतात.

लाल दिवा पुन्हा मिणमिणतोय. आखूड वायर कोणीतरी मोबाईलला नेली आहे.

गणेश मंडळानं डबी मागितली आहे. द्यावी लागते. मंडळाची पोरं आधी विचारतात, "भौ, याच्यात बेस किती हाय?" बेस डबीत नसतो, स्पीकरात असतो, हे समजावण्यात वेळ घालवू नका, "भरपूर" म्हणा. देताना कार्ड काढून त्याची नक्कल घरी ठेवा आणि नक्कलच द्या. अडॅप्टर आणि आखूड वायर यांच्यावर खडूनं नाही, नेलपेंटनं खूण करा. दहा दिवसांनी डबी परत येते तेव्हा वर गुलाल असतो, तो पिनांमध्ये जाऊ न देता कोरड्या ब्रशनं झाडावा, ओलं फडकं लावू नये. आत 'न्यू फोल्डर 2' नावाचा एक फोल्डर आलेला असतो. तो पुसून टाकण्याआधी उघडून बघा. त्यात एकदोन गाणी अशी निघतात की जी आपण सगळीकडे शोधत होतो, आणि त्यांच्यावर कलाकार म्हणून पुन्हा त्याच दुकानदाराचा नंबर असतो.